चावी शेवटच्या घरी

एरवी मी या ब्लॉगवर घाट, किल्ले आणि बरं जेवण मिळणारी ठिकाणं यांबद्दल लिहिते. या वेळी एका पाण्याच्या व्हॉल्व्हबद्दल लिहिणार आहे. हसू नका, आधी वाचा.

मी माण तालुक्यातल्या एका लहान गावाची ग्रामपंचायत सदस्य. आमचे सरपंच आण्णा नात्याने माझे चुलत दीर. गावाची पाण्याची टाकी आमच्या आळीच्या डोक्यावर आहे, आणि व्हॉल्व्हची चावी, म्हणजे हातभर लांबीची लोखंडी कांब, आण्णांच्या ओसरीवर खिळ्याला टांगलेली असते. पाणी आधी आम्हाला, मग बाजारपेठेला, मग उरलंसुरलं मागच्या वस्तीला. उरत काहीच नाही. मागच्या वस्तीची सदस्य शालन बैठकीत उभी राहिली आणि म्हणाली, "पुढच्या ग्रामसभेपर्यंत आमच्या नळाला पाणी आलं नाही, तर आम्ही येगळ्या ग्रामपंचायतीची मागणी करणार." आण्णांनी ते हसण्यावारी नेलं. पण यात्रेच्या बैठकीला वस्तीवरून एकही माणूस आला नाही, तेव्हा त्यांचं हसू गेलं. एकच गाव, एकच दैवत, आणि पाण्यापायी दोन तुकडे व्हायची वेळ आली होती.

तालुक्याच्या एका प्रशिक्षणात कुणीतरी सांगितलं, पनवेलकडे आपट्याच्या जवळ एक गाव आहे, तिथे पाण्यावरून भांडण होत नाही, जाऊन बघा. अभ्यास दौरा म्हटल्यावर आण्णांनी सर्वांत आधी काय केलं असेल, तर शाली, फेटे आणि नारळ आणून गाडीच्या डिकीत भरले. आमच्याकडे दौरा म्हणजे सत्कार, फोटो आणि परत येताना लोणावळ्याची चिक्की.

गाडी आण्णांची, चालवणारेही तेच. मागे मी आणि शालन. फलटण, लोणंद करत पुणे गाठलं आणि एक्स्प्रेसवेला लागलो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी बरोबर होती, त्यामुळे खाण्यासाठी थांबावं लागलं नाही. तुम्हीही घरचं घेऊनच निघा, टोलनाक्याजवळचा चहा प्यायला तेवढं थांबा. आण्णा आणि शालन एकमेकांशी थेट बोलत नव्हते. "तिला विचार, खिडकी लावायची का," असं आण्णा मला म्हणायचे, आणि ती माझ्याकडे बघून "राहू द्या" म्हणायची. घाट उतरेपर्यंत मी दोघांची पोस्टमन झाले होते.

कळंबोलीला एक्स्प्रेसवे संपतो आणि लोखंडाचं राज्य सुरू होतं. ट्रकच ट्रक, त्यांवर सळया, पत्रे आणि माणूस आत चालत जाईल एवढ्या पायपा. आण्णांनी गाडी बाजूला घेतली आणि बराच वेळ त्या पायपांकडे बघत राहिले. "आपल्याला असली एक मोठी पाइप टाकली की मिटलं बघ सगळं," ते म्हणाले. शालन पहिल्यांदाच त्यांच्याशी थेट बोलली, "पाइप कितीबी मोठी आणा, चावी तुमच्याच खिळ्याला ऱ्हाणार न्हवं?" आण्णांनी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

मुक्काम कामोठ्याला, माझ्या भावाच्या फ्लॅटवर. एका गल्लीत एवढे क्लासचे बोर्ड मी जन्मात पाहिले नव्हते. सकाळी उठले तर वहिनी स्वयंपाकघरात पिंप भरत होती. "पाण्याची वेळ आहे, वन्सं, आंघोळ उरका," म्हणाली. आण्णांना फार बरं वाटलं. शहरातही तेच आहे म्हणाले.

आंघोळी उरकून लवकरच निघालो. हा सल्ला लिहून ठेवा: पळस्पे फाट्यावर कंटेनरची रांग लागायच्या आत गोवा हायवेला लागा. उजव्या-डाव्या वळणांतून कर्नाळ्याचा सुळका दिसत राहतो. आपटा फाट्यावरून आत वळलं की हायवेचा गोंगाट एकदम तुटतो. भाताची कापणी झालेली, शेतांत वालाचे वेल, आणि लांबवर पाताळगंगा. भर हिवाळ्यात एवढी भरलेली नदी बघून आम्ही दुष्काळी माणसं नुसती बघतच राहिलो. मनात म्हटलं, नदीकाठी राहणाऱ्यांना पाणीवाटपातलं काय कळणार? गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या सरपंचबाईंनी बजावलंय की रोज उठून पाहुणे आले तर आमची कामं कोण करणार.

त्या निर्मलाताई. आगरी, ठसठशीत कुंकू, आवाज खणखणीत. आण्णा डिकी उघडायला लागले, तसा त्यांनी हात आडवा केला.

"दादा, त्या शाली गारीतच ऱ्हाऊं द्या. आमच्याकरं सत्कार बंद हायत."

"अहो, पण पद्धत असते..."

"पद्धत आमची येगली हाय. आलेल्या गावानं एक गोष्ट न्यायची न एक देऊन जायची. शाल नको, गोष्ट."

आण्णा फेटा हातात घेऊन तसेच उभे. मला हसू आवरेना. शालनलाही.

गाव नदीकाठाला, पण गावाचाच भाग असलेली कातकरी वाडी वर डोंगराच्या अंगाला. नवी योजना झाली तेव्हा पाणी गावात खेळायचं, वाडीपर्यंत पोचेपर्यंत धार दोऱ्यासारखी व्हायची. मोठा पंप बसवायचं चाललं होतं. तेव्हा ग्रामसभेत वाडीतल्या सोमीबाई उठून एवढंच म्हणाल्या, की चावी जिथं राहते तिथं पाणी राहतं. मोठा पंप राहिला बाजूला. मग ठरलं, चावी पाइपच्या शेवटच्या टोकाला ठेवायची, सर्वांत शेवटच्या घरात. ते घर सोमीबाईंचंच.

दुपार कलली, तसे आम्ही वाडीवर चढलो. सोमीबाई दारातच बसल्या होत्या, शेजारी भिंतीला ती कांब टेकवलेली, अगदी आण्णांच्या ओसरीवर असते तशीच. त्यांनी आमच्यावर एक नजर टाकली आणि उठल्या. आधी वाडीचा व्हॉल्व्ह फिरवला. शालनला त्यांनी आपल्या अंगणातला नळ सोडायला सांगितला. पाणी एवढ्या जोरात आलं की शालन दचकून मागे सरली. मग पुढे होऊन तिने ओंजळ धरली, पाणी प्यायली, तोंडावर मारलं आणि पदराने चेहरा पुसत बराच वेळ आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. शेवटच्या घरी असं पाणी येतं, हे तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं.

वाडीची सगळी भांडी भरल्यावर सोमीबाई कांब खांद्यावर टाकून उताराला लागल्या. मागे आम्ही. त्या चालतील तशी खाली गावात दारं उघडत होती, पिंपांची झाकणं निघत होती. मोठाल्या बंगल्यांच्या बायका फाटकाशी येऊन विचारत होत्या, "सोमीबाय, वर वारीवर भरलं का सगल्यांचं?" "भरलं," म्हणून त्या पुढचा व्हॉल्व्ह फिरवायच्या. निर्मलाताईंचं घर टाकीच्या सावलीत होतं, आणि त्यांना पाणी सर्वांत शेवटी मिळालं. सरपंच बादली घेऊन पायरीवर वाट बघत बसल्या होत्या. मी लेणी पाहिली आहेत, समुद्रातले किल्ले पाहिले आहेत, पण एवढं थक्क मला कशानेच केलं नव्हतं.

आण्णांना राहवेना. "समजा, या बाई चावी घेऊन बसल्या आणि सोडलंच नाही पाणी, तर?"

निर्मलाताई हसल्या. "दादा, इतकी वर्सं आमी चावी घेऊन बसलो व्हतो. तवा यो सवाल कोनीच नाय इचारला."

सोमीबाईही खुदकन हसल्या. "मी खरंच बसले व्हते चावी घेऊन. पयल्या दिशी."

मग सत्काराचा उलगडा झाला. चावी देताना पंचायतीने मोठा कार्यक्रम केला होता. कांबीला हार, नारळ, हळदकुंकू, फोटो. सोमीबाईंनी ती घरी नेऊन देवाजवळ ठेवली. दुसऱ्या दिवशी सगळं गाव कोरडं. लोक धावत वर गेले, तर ह्या निवांत.

"मना काय म्हाईत?" त्या म्हणाल्या. "आमाला हार घालतान, फोटो काढतान, न मंग घरी लावून देतान. दर टायमाला तसंच. मना वाटलं, मान दिलाय. काम दिलंय असं कुनी बोललंच नाय."

तेव्हापासून गावात सत्कार बंद. जे द्यायचं ते नुसतं हातात द्यायचं.

संध्याकाळी निर्मलाताईंच्या शेतात पोपटी होती. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी भरतात, ओवा-मीठ पेरतात, मडकं उपडं करून भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. हिवाळ्यात या बाजूला आलात तर हॉटेल सोडा आणि कुणाच्या तरी शेतावरचं आमंत्रण मिळवा.

शेंगा सोलता सोलता त्यांनी आमची गोष्ट मागितली. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. द्यावं असं आमच्याकडे काय होतं? शेवटी शालनच म्हणाली, "आमच्याकडं दहावी-बारावीच्या परीक्षेत भोंगा लावत न्हाईत. लग्न असू दे, देऊळ असू दे, निवडणूक असू दे. समदं गाव गप असतं."

"हळदीला पन डीजे नाय?" निर्मलाताईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"न्हाई."

"मंग ती हळद कसली, गो!" पण मग त्यांनीच शालनला परीक्षेच्या तारखा विचारल्या. त्यांच्या पुतण्याची हळद नेमकी मार्चात होती.

परतीच्या वाटेवर चिक्की घ्यायला कुणाला सुचलं नाही. पुणं ओलांडल्यावर आण्णा आरशात बघत म्हणाले, "शालन, तुमच्यातलं शेवटचं घर कुणाचं?" थेट तिलाच.

"यमुनाकाकीचं," ती म्हणाली.

ग्रामसभेला मागची वस्ती झाडून आली होती, मागणीचा कागद घेऊनच. कुणीतरी सवयीने ताटात नारळ आणि हार आणला. आण्णा खेकसले, "ते आत ठेव." मग घरून आणलेली कांब त्यांनी यमुनाकाकींच्या हातात दिली आणि म्हणाले, "काकी, हा मान न्हाई, काम हाय. उद्यापासनं आधी तुमचं भरायचं, मगच आमच्याकडं यायचं." वस्तीचा कागद त्या दिवशी वाचलाच गेला नाही.

मार्चात निर्मलाताईंचा आवाजी निरोप आला. मागे डीजे नव्हता, बायका हळदीची गाणी म्हणत होत्या. "भैन, आयकलंस का? पोरं रुसलीत, पन आमी बायका लय नाचलो!"

आणि आमच्या घरचं सांगायचं, तर चावी दिल्यानंतरच्या पहिल्या सकाळी नळ कोरडा. माझ्या सासूबाई या आळीत लग्न होऊन आल्या, तेव्हापासून पाण्यासाठी त्यांना कधी थांबावं लागलेलं नाही. त्या हंडा कमरेवर घेऊन दारात आल्या. आता माझा उद्धार होणार म्हणून मी तयारच होते. त्यांनी रस्त्याच्या टोकाकडे कपाळावर हात धरून पाहिलं. यमुनाकाकी लांबून येताना दिसल्या, तशी सासूबाईंनी हाक मारली. मी या घरात आल्यापासून तो प्रश्न कुणाच्याही तोंडून ऐकला नव्हता.

"यमुने, तुमच्याकडं आलं का गं पाणी?"