भाव सांगून गप्प बसलेल्या बाई

दुसऱ्याच्या बढतीसाठी साहेबाच्या केबिनमध्ये घुसल्याबद्दल सरकार काही पदक देत असतं, तर आमच्या ऑफिसातल्या बाईंना दरवर्षी दिल्लीला जावं लागलं असतं. वसईजवळ सातिवलीच्या एका गाळ्यात खाली प्लास्टिकच्या बादल्यांचा कारखाना आणि वर आमची सॉफ्टवेअर कंपनी, असा आमचा थाट. दोन हजार सालाच्या आगेमागेची गोष्ट. बाई तिथल्या सगळ्यात जुन्या प्रोग्रॅमर. नवा येणारा प्रत्येक मुलगा त्यांच्याकडे काम शिकायचा आणि बघता बघता त्यांचाच टीम लीडर होऊन बसायचा. मुली मात्र जिथे चिकटवल्या तिथेच. टीम लीडरची ती जागा बाईंना मनापासून हवी होती, हे खालच्या बादल्यांनाही ठाऊक होतं. पण केबिनमध्ये जायच्या त्या आमच्यासाठी.

मीटिंगच्या आधी येऊन त्या पुढच्या खुर्च्यांवर डबे, छत्र्या, पर्स ठेवून मुलींसाठी जागा धरायच्या, एसटीत खिडकीतून रुमाल टाकावा तशा. "मागच्या खुर्च्या पाहुण्यांना," म्हणायच्या. एखादीनं सुचवलेली गोष्ट थोड्या वेळानं एखाद्या मुलानं स्वतःची म्हणून सांगितली, की ह्या भर मीटिंगमध्ये टाळ्या वाजवायच्या. "वा! आमच्या पोरीचं तुला ऐकू गेलं म्हणायचं!" मी अर्नाळ्याची, कोळ्याची मुलगी. घरी 'पानी' म्हणायची सवय, ते ऑफिसात तोंडातून निसटेल म्हणून मी दिवसदिवस तहानलेली बसायची. बाईंनी बरोबर हेरलं आणि सगळ्यांसमोर ग्लास पुढे केला. "पानी म्हटल्यानं घसा ओला होत नाही का गं? पी मुकाट्यानं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण प्यायले.

सगळ्यात अचाट होती ती त्यांची शिकवणी. पगारवाढीचं बोलायची वेळ आली, की त्या एकेका मुलीला अर्नाळ्याला आणून मासळी विकणाऱ्या माझ्या आईच्या म्हावऱ्याच्या पाटीमागे बसवायच्या. स्वतः बाई लसूणसुद्धा न खाणाऱ्या. वाळत घातलेल्या बोंबलांच्या वाऱ्यात निलगिरीचा रुमाल नाकाला लावून उभ्या राहायच्या, पण हलायच्या नाहीत. मुली भाव सांगायच्या आणि लगेच जीभ चावून म्हणायच्या, "तुम्हाला जमेल तसं द्या." आई कपाळाला हात लावायची. "बाय माझे, भाव सांगाचा आन गप ऱ्हाचा! पयला बोलंल तो हारला. आन मान खाली घातली का गिऱ्हाईकाला वाटतं म्हावरा कालचा हाय." एवढा मंत्र घेऊन मुली केबिनमध्ये जायच्या आणि थोडीफार का होईना, वाढ घेऊन बाहेर यायच्या. या पोरींना एकाएकी झालंय काय, ते साहेबाला कळेना.

मग एका वर्षी टीम लीडरची जागा रिकामी झाली. बाईंच्या निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. त्या माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "यंदा मी जाऊ का गं, स्वतःसाठी?" इतका हळू आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. रविवारी त्या पदर खोचून आईच्या पाटीमागे बसल्या. समोर पापलेटं. भाव सांगितला आणि मान ताठ ठेवून अशा गप्प बसल्या, की गिऱ्हाईक घासाघीस करायचंच विसरलं. आई खूश होऊन म्हणाली, "हिला आमच्यात जन्माला घालाची व्हती देवानं!"

सोमवारी बाई केबिनमध्ये गेल्या. दार अर्धवट उघडं होतं आणि आमचे कान तिकडेच. "टीम लीडरची जागा मला हवी आहे," बाई म्हणाल्या, आणि गप्प बसल्या. साहेबही गप्प. त्यानं चहा संपवला. फोन आला, तो घेतला. मग कागद चाळत बसला. बाईंची मान ताठच. शेवटी तो उठला आणि एक शब्द न बोलता त्यांच्या बाजूनं जेवायला निघून गेला. बाई तरी कितीतरी वेळ रिकाम्या खुर्चीसमोर तशाच बसून होत्या.

बाहेर आल्या, डबा उघडला, परत मिटला. मला म्हणाल्या, "आईला सांग, नियम खरा आहे तिचा. पण गिऱ्हाईकाला म्हावरं हवं असलं तरच." मी आईला हे कधी सांगितलं नाही. सांगवेना.

जागा त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या मुलाला मिळाली. त्याचे पेढे बाईंनीच वसईहून आणले, आणि पुढच्याच रविवारी एका नव्या मुलीला घेऊन अर्नाळ्याला हजर झाल्या, निलगिरीच्या रुमालासकट. ती जागा न मिळताच त्या निवृत्त झाल्या आणि मग फार जगल्या नाहीत. मला अजून फार वाईट वाटतं.

आता दुसऱ्या एका कंपनीत साहेबाच्या त्या खुर्चीत मी बसते. समोर एखादी मुलगी येते, काय हवं ते सांगते आणि गप्प बसते. पहिला बोलेल तो हरला, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी पहिली मीच बोलते. कुणाला तसं गप्प बसलेलं मला बघवत नाही.