मामाचे चार टँकर जास्त

दादा वाईट असता तर तिला एवढा घोर लागला नसता. उद्या सकाळी तो पुन्हा टँकर घेऊन त्याच शेतावर जाईल, आणि तेही मायेने, हा विचार काही केल्या तिच्या मानगुटीवरून उतरत नव्हता.

गॅस प्लांटवर दादा बावीस वर्षं टँकर चालवत होता. टाकीत शेण, भाजीबाजाराचा कचरा, खानावळींचं उष्टं कुजायचं, गॅस निघायचा आणि खाली उरलेली काळी स्लरी दादा शेतांवर सोडायचा. गल्लीत त्याला सगळे ‘अत्तरवाले’ म्हणत. तोही म्हणे, “माझ्या अत्तराने कोबी फुगतो, तुमच्या अत्तराने डाससुद्धा पळत नाहीत!” स्लरी पिकली की नाही, हे तो दोन बोटांत चोळून, नाकाशी धरून सांगे. वास गेला म्हणजे धोका गेला, हे त्याचं शास्त्र. साहेबही त्याच्या नाकावर विसंबत.

मग भाचीला, म्हणजे या बहिणीच्या लेकीला, बाळ झालं. लेकीचं सासर प्लांटजवळच. वर उतारावर शेत, खाली सहा घरं आणि सगळ्यांत मिळून एक उथळ विहीर. मामाचा आनंद गगनात मावेना. भाचीच्या शेतावर तो दर पाळीला चार टँकर जास्त ओतू लागला. प्लांटला टाकी रिकामी करायची घाई होतीच, आणि जावयानेही फुकटच्या खताला नको म्हटलं नाही. पिकाला पचेल त्याच्या तिप्पट पडलं. उरलेल्याचं मातीत नायट्रेट झालं आणि ते पाण्याबरोबर विहिरीत उतरलं. त्याला ना रंग, ना वास. मोठ्यांना ते पचतं, तान्ह्याच्या रक्ताला मात्र प्राणवायू वाहू देत नाही.

बाळ डब्याच्या दुधावर होतं. “पाणी चांगलं वीस मिनिटं उकळत जा गं,” असं हिनेच लेकीला बजावलं होतं. रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या आईने! उकळल्यावर जंतू मरतात, पण पाणी आटतं आणि नायट्रेट आणखी दाट होतं. हे तिला आठवलं ते बाळाचे ओठ निळे पडून त्याला दवाखान्यात न्यावं लागलं तेव्हा. बाळ वाचलं, लेकीसह आजोळी आलं. तिने प्रयोगशाळेत दिलेल्या विहिरीच्या पाण्याच्या तपासणीचा कागदही आज आला. नायट्रेट मर्यादेच्या चौपट.

कागद घेऊन ती दुपारी दादाकडे गेली. तो मोरीत गमबूट घासत बसला होता.

“दादा, त्या शेतावर टाकणं थांबव.”

“आल्या आमच्या बीएस्सी! अगं, बावीस वर्षं टाकतोय. मेलं का कोणी?”

“आपलं बाळ मरता मरता वाचलं.”

“सर्दी झाली असेल. कालचीच स्लरी चोळून बघितली मी. काडीचा वास नाही.”

“याला वास नसतोच, दादा.”

तिने कागद पुढे केला. ओल्या हातांनीच त्याने तो धरला, दोनदा वाचला.

“म्हणजे मीच त्याला...” कागद त्याने तिच्या हातात कोंबला. मग एकदम आवाज चढवला. “तपासणीवाले काय, काहीही लिहितात! आणि साहेबांना काय सांगू? अत्तरवाल्याचं नाक गेलं म्हणून? मला दुसरं येतं काय?”

“निदान खालच्या घरांना तरी सांग.”

“बाळ तुझ्याकडे आहे ना? मग झालं तर. तू गप्प बस.”

निघताना वहिनीने तिच्या पिशवीत कोबीचा गड्डा घातला. अत्तराचाच.

घरी येऊन तिने लेकीच्या शेजारणीला फोन लावला. तिच्या सुनेचं बाळ महिन्याचं, तेही डब्याच्याच दुधावर. शेजारीण खुशीत म्हणाली, “काळजी नको हो ताई, तुमच्या लेकीचं बघून आम्हीही वीस मिनिटं उकळतो.” उकळून उपयोग नाही म्हटलं, तर ती हसली. “काहीतरीच तुमचं!”

पाणी खात्याचा तक्रारीचा नंबर कागदाच्या तळाशी छापलेला होता. टँकरचा नंबर तर तिला पाठच होता. टँकर नवा असताना दादाने पहिल्यांदा तिलाच शेजारी बसवून गावभर मिरवलं होतं. आता त्याचं नाव तिच्याच तोंडून जाणार, आणि मग तो तिचं तोंड पाहणार नाही.

पावणेपाच झाले होते. कचेरी पाचला बंद होते. तिने पाळण्यात वाकून बाळाचे ओठ पाहिले, चष्मा पुसला आणि फोन उचलला.