नानांची जीप आणि चालकाचं नाव

विम्याचा सर्व्हेअर म्हणजे ठोकलेली गाडी बघून काय किती वाकलं ते लिहिणारा माणूस. रिपोर्टात बंपर लिहायचा, रेडिएटर लिहायचा, मडगार्ड लिहायचं. गाडीभोवती उभी राहून माणसं जे बोलतात, त्याला रिपोर्टात रकाना नसतो! ते सगळं पोटात साठत जातं. नव्वदच्या आसपास जळगावात मी हे काम करायचो. पिंप्राळ्याच्या घरून स्कूटरवर निघालो की पहिला मुक्काम भिकन मिस्तरीच्या गॅरेजबाहेरच्या बाकड्यावर. मिस्तरी मूळचा धुळ्याचा, बोली अस्सल अहिराणी. तिथंच मला सावद्याचे नाना भेटले. केळीचे मोठे बागायतदार, पांढरी टोपी, तोंडात सुपारी. त्यांच्या एका जीपनं मला जेवढं हसवलं, तेवढं बाकी सगळ्या जिल्ह्याच्या गाड्यांनी मिळून हसवलं नसेल.

*

जीप घेतली तो किस्सा आधी.

नानांसमोर तीन पर्याय होते. ताडपत्रीची लांब जीप, पत्र्याच्या टपाची जीप आणि नुकतीच दिसायला लागलेली बंद, मऊ सीटांची पेट्रोल गाडी. शोरूमचा सेल्समन ॲव्हरेज सांगायला लागला. नानांनी हात वर केला.

"ते ऱ्हाऊ द्या. तिन्ही गाड्या शेतावर आणा."

शेतावर नानांनी तिन्ही गाड्यांच्या मागच्या सीटवर पिकायला आलेल्या केळ्यांची एकेक फणी ठेवली. लाल दोरा, पिवळा दोरा, हिरवा दोरा. बागेच्या खड्ड्यांच्या रस्त्यानं प्रत्येक गाडी दोनदा फिरवली आणि फण्या घरी नेऊन खुंटीला टांगल्या. आदळलेल्या केळीचा मार लगेच दिसत नाही, दोन दिवसांनी काळा पडतो. ज्या गाडीची केळी कमी काळी, ती गाडी चांगली!

सेल्समननं दुसऱ्या दिवशी गॅरेजवर फोन केला. "नानांचं काय ठरलं?"

मिस्तरी म्हणाला, "थांब भाऊ, रिझल्ट आजून हिरवा शे!"

तिसऱ्या दिवशी रिझल्ट लागला. बंद गाडीची फणी सोन्यासारखी पिवळी, टपाच्या जीपची मधली, आणि ताडपत्रीच्या जीपची फणी काळीठिक्कर. नानांनी ताडपत्रीची जीप घेतली!

मी चक्रावलो. "नाना, मग केळी कशाला पिकवली?"

"केळीचा निकाल केळीपुरता," नाना म्हणाले. "अक्का तिन्ही गाड्यांत स्टेरिंगमागं बसून पाहून आली. म्हणे, या जीपमधून पुढचं सगळं बठ्ठं दिसते."

अक्का म्हणजे नानांची मंडळी. नाव इंदूबाई, पण सावद्यात सगळ्यांची अक्का. स्टेरिंगमागं बसून त्यांना पुढचं कशाला बघायचं होतं, हा प्रश्न तेव्हा माझ्यासकट कोणालाच पडला नाही.

*

वर्षभरात ती जीप अशी खडखडायला लागली की ती निघाली सावद्यात, आणि ऐकू यायची फैजपुरात, असं मिस्तरी म्हणायचा. एकदा त्यानं मन लावून दोन दिवस काम केलं. बुश बदलले, नटबोल्ट कसले, दारांना रबर लावलं. जीप लोण्यासारखी निघाली.

चौथ्या दिवशी नाना हजर. "मिस्तरी, पहिला आवाज परत बसव."

"काय व्हयनं नाना?"

"अरे, आवाज यायचा तर अक्का चहा टाकायची. आता मी घरात येऊन उभा राह्यतो अन् चूल थंड! शेतावर त्याच्याहून वाईट. पहिले आवाज ऐकून मजूर उठून कामाले लागायचे. काल मी गेलो तर बठ्ठे लिंबाखाली झोपेल. मलेच लाज वाटली. चपला हातात घेऊन मागं फिरलो!"

मिस्तरीनं मागचे दोन बोल्ट सैल करून दिले. मजुरी घेतली नाही.

*

नानांचा पहिला क्लेम एरंडोलच्या अलीकडचा. नाना पद्मालयाच्या गणपतीला निघाले होते. समोरून ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवर कोण? तर नानांचे व्याही! मुलगी देऊन सहाच महिने झालेले.

जीप गेली पुलाच्या कठड्यावर आणि ट्रॅक्टर गेला कपाशीत. दोघांनाही खरचटलंसुद्धा नाही. रस्ता सरळ, भर दुपार, दोन्ही गाड्या हळू. मला काही केल्या कारण सापडेना.

"नाना, ब्रेक फेल झाला होता का?"

"ना भो."

"मग झालं काय?"

"व्याही समोर आले. रामराम नको का करायले?"

"मग करायचा ना!"

नाना माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मला आईबापांनी काहीच शिकवलं नाही. "व्याह्याले कोणी एका हातानं रामराम करते का?"

दोघांनी एकाच वेळी दोन्ही हात सोडले होते! क्लेमच्या फॉर्मवर ‘अपघाताचे कारण’ या रकान्यात नानांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘मानपान’. ऑफिसात तो फॉर्म आठवडाभर टेबलाटेबलावर फिरला. पण क्लेम पास झाला. नाना खोटं लिहीत नाहीत, अशी तेव्हापासून ऑफिसात त्यांची ख्यातीच झाली.

*

म्हणून दुसऱ्या क्लेमला मी अगदी निर्धास्त गेलो.

नानांच्या घराच्या फाटकाचा उजवा खांब आडवा झाला होता. त्याच खांबावर नानांच्या नावाची संगमरवरी पाटी होती, तिचे तीन तुकडे. जीपचा बंपर, रेडिएटर, दोन्ही दिवे, एक मडगार्ड गेलेलं. मोजून बारा हजारांचं काम. फॉर्म भरून तयार होता. ‘चालकाचे नाव’ या रकान्यात नानांचं नाव.

"कसं झालं नाना?"

नाना सुपारी कातरायला लागले. "वळवता वळवता... असंच..."

अक्का चहा घेऊन आल्या. कप माझ्या हातात देत म्हणाल्या, "भाऊ, ते त्या दिवशी धुळ्याले लग्नाले गेल्ते."

मी कप तसाच धरून बसलो. नानांचा अडकित्ता थांबला.

"मग गाडी कोणी...?"

"मी. गाडी दारात, किल्ली खुंटीले, मी घरात. चालवली."

सहा महिने नाना त्यांना बागेतल्या सरळ रस्त्यावर गाडी शिकवत होते. पुढे जाणं जमलं होतं, फाटकातून वळणं बाकी होतं.

नाना काकुळतीला आले. "अवं, तुले लायसन नाही. तुहं नाव लिहिलं तर कंपनी एक पैसा देणार नाही! भाऊ घरचेच आहेत, लिहितील माह्यं नाव."

खरं सांगायचं तर मी घरचा नव्हतो, पण नानांसाठी झालो असतो. पेन खिशाला होतं. फॉर्म भरलेला होता. मला फक्त चहा प्यायचा होता.

अक्का दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. आवाज जराही चढला नाही.

"तीस वर्सं बाग मी सांभाळली, सातबाऱ्यावर नाव तुमचं. घर मी उभं राहून बांधून घेतलं, खांबावर नाव तुमचं. आता खांब मी पाडला, तर तठीबी नाव तुमचंच?"

नानांनी अडकित्ता खाली ठेवला. मग त्यांनी माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं, फॉर्मवरचं स्वतःचं नाव खोडलं आणि वर लिहिलं, ‘सौ. इंदूबाई’. अक्षर मात्र ‘मानपान’पेक्षा जरा वाकडं आलं.

हजारो क्लेम पाहिले मी. लोक मेलेल्या मेव्हण्याला चालक करतात. त्या दिवशी मी चहा संपवला आणि मला स्वतःचीच थोडी लाज वाटली.

*

क्लेम नामंजूर झाला. व्हायचाच होता. कंपनीचं पत्र घेऊन नाना गॅरेजवर आले आणि बाकड्यावर बसून त्यांनी ते मोठ्यानं वाचलं: "अपघातसमयी सदर वाहन सौ. इंदूबाई या चालवीत होत्या, असे चौकशीअंती निष्पन्न झाले आहे. त्यांच्याजवळ वैध परवाना नसल्याने आपला दावा नामंजूर करण्यात येत आहे." खाली सही, गोल शिक्का.

मिस्तरी हळहळला. "नाना, एक नाव बारा हजारले पडनं!"

"संगमरवरी नाव दोन वर्सं नाही टिकलं," नाना म्हणाले. "हे तरी टिकते का पाहू."

दुरुस्ती नानांनी पदरच्या पैशानं केली. जीप न्यायला अक्काही आल्या होत्या. निघताना त्यांनी ते पत्र मागून घेतलं, नीट चार घड्या घातल्या आणि पिशवीत ठेवलं. कशाला, ते काही मी विचारलं नाही.

*

त्यानंतर तीनेक महिन्यांनी सावद्याच्या विश्रामगृहात लायसनचा कॅम्प लागला. मी दुसऱ्या एका कामानं तिथं होतो. रांगेत सगळी ट्रॅक्टरवाली पोरं, आणि मधोमध नऊवारीतल्या अक्का! नाना लांब झाडाखाली उभे राहून सुपारी चघळत होते. परीक्षा त्यांचीच असावी असा चेहरा.

इन्स्पेक्टर साहेब तरुण होते, शहरातून आलेले. अक्कांनी जीप पुढे नेली, मागे घेतली, दोन ड्रमांमधून इंग्रजी आठ काढला. एकही ड्रम हलला नाही. साहेबांना तरी पटेना.

"बाई, घरच्यांनी चार दिवसांत घोकून घेतलं असेल. खऱ्या रस्त्यावर कधी गाडी चालवलीय का? काही पुरावा आहे?"

"आहे ना," अक्का म्हणाल्या. त्यांनी सीटखालची पिशवी काढली, चार घड्या उलगडल्या आणि पत्र साहेबांच्या हातात दिलं. "कंपनीनं चौकशी करून लिहून देलं आहे. खाले शिक्का पाहा."

साहेबांनी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. झाडाखाली नानांनी टोपी काढून हातात घेतली.

"अहो बाई, हा तर तुम्ही बिनपरवाना गाडी चालवल्याचा पुरावा आहे! मी तुम्हाला दंड करू शकतो!"

अक्कांनी पिशवीतून बटवा काढला.

"करा ना साहेब. पावती मातर माह्या नावानं फाडजा!"