इंजिनाला गोडं पाणी

आमच्या घरात समुद्रावरून आल्यावर पहिलं पाणी इंजिनाला. माणसांनी थांबायचं. होडी लागली की बाबा इंजिन खांद्यावरून अंगणात आणायचे, त्याचा खालचा भाग गोड्या पाण्याच्या पिंपात सोडायचे आणि दहा मिनिटं चालू ठेवायचे. आत खारं पाणी राहिलं की मीठ धरतं आणि इंजिन बसतं. पिंप भरण्याआधी बाबा ते पाणी चाखून बघायचे. इंजिनासाठी हो! आईचा चहा कसा झालाय ते त्यांनी जन्मात सांगितलं नाही. पण बंदरात सगळ्यांची इंजिनं बसली, बाबांचं नाही. तोच काय तो त्यांचा तोरा.

मी माणिकपूरला शाळेत विज्ञान शिकवतो. क्षार, गंज, सगळं फळ्यावर व्यवस्थित. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा होडी दादानं न्यायची आणि इंजिन मी धुवायचं असं ठरलं.

"पानी चाखून घे रं," काळ्या चष्म्याआडून बाबा म्हणाले.

"हो हो," म्हटलं. एवढा शिकलेला मी, पाणी चाखत बसू?

एप्रिल होता, टँकर वेळेवर येत नव्हता. घरचं प्यायचं पाणी इंजिनावर घालवणं माझ्या जिवावर आलं. आमच्या विहिरीचं पाणी स्वच्छ दिसत होतं. उन्हाळ्यात ते मचूळ होतं हे ठाऊक होतं, पण समुद्रापुढे एवढं काय, असं माझं विज्ञान म्हणालं. तीन आठवडे मी तेच वापरलं.

मग एक दिवस इंजिन भर समुद्रात बंद पडलं. दादाला दुसऱ्या होडीनं ओढून आणलं. मेकॅनिकनं अंगणातच इंजिन उघडलं, तर आतली पाण्याची वाट मिठानं चोंदलेली.

"कोणतं पाणी मारलं? कोणी मारलं?" त्यानं शेजाऱ्यांसमोर विचारलं.

मी तोंड उघडलं. शप्पथ, उघडलं होतं. तेवढ्यात बाबा म्हणाले, "मीच. हा शालेत गेला की मीच मारायचो, विहिरीचं. डोल्यांना नीट दिसत नव्हतं."

दादा भडकला. "बस झालं बाबा! यापुढे इंजिनाला हात लावायचा नाही. शिकलेला माणूस आहे ना घरात."

लाजेनं मेलो. दादाला खरं काय ते अजूनही सांगितलेलं नाही.

आता इंजिन रोज मीच धुतो. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसतात. दोन्ही डोळ्यांनी त्यांना लख्ख दिसतं. हात मात्र लावत नाहीत.