नळाची चावी खिशात घालणारे चाचा

जुलाबाविषयी इतक्या आदरानं बोलणारा माणूस आमच्या संभाजीनगर शहरात दुसरा नसेल. मराठवाड्यातही नसेल, पण मी सगळा मराठवाडा पाहिलेला नाही, म्हणून शहरापुरतंच म्हणते. आमच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत चाचा बाटल्या आणि काचेच्या बशा धुवायचे. सगळी नोकरी त्यातच गेली, त्यामुळे जंतूंविषयी ते गल्लीतल्या लोकांसारखं बोलत. हा गरीब, तो आगाऊ, आणि पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, जंतू म्हणजे "खानदानी बदमाश". क्रांती चौकात आम्ही पाणीपुरी खायला थांबलो, तर ते आधी गाडीवाल्याची नखं बघत आणि शांतपणे म्हणत, "अब साबुन से धो के आ." तो येईपर्यंत आमची भूक मरायची. सकाळी लोक नमस्कार करतात, चाचा विचारायचे, "पोट कसं आहे?" एकदा प्राचार्यांनाही विचारलं. प्राचार्य जरा घुटमळले, म्हणाले, "तसं परवापासून थोडं..." आणि मग दोघं अर्धा तास जिन्यातच उभे होते.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सर इंग्रजीतून शिकवायचे, मी सगळं उतरवून घ्यायचे आणि त्यातलं फार थोडं कळायचं. पटकीचं विष आतड्यात नेमकं काय करतं, हे मी तीनदा वाचलं होतं. चाचांनी माझा चेहरा पाहिला असावा. त्यांनी हात धुवायचा नळ पूर्ण सोडला, वरची चावी काढून खिशात घातली आणि म्हणाले, "अब बंद करो." आम्ही तळवे लावले, रुमाल कोंबले, पाणी थांबेना. चाचा पाण्यात उभे राहून सांगत होते, "जंतू आतड्याला खात नाय. तो नुसतं विष सोडतो. विष पेशीत शिरतं, नळ उघडतं आणि चावी घेऊन बसतं. मग अंगातलं मीठ-पाणी धो-धो बाहेर. माणूस जंतूनं मरत नाय बेटी, सुकून मरतो." मग बोट वर करून, "लेकिन एक दरवाजा वो बंद नहीं कर सकता. मीठ साखरेचा हात धरून आलं की आत घेतलं जातं, आणि मागोमाग पाणी." तेवढ्यात सर आले आणि त्यांचे बूट भिजले. चाचांना लेखी समज मिळाली. मला मात्र तो धडा त्या दिवशी कळला.

पुढच्याच महिन्यात, भर प्रॅक्टिकलच्या वेळी, आईचा फोन आला. आमचं गाव फर्दापूरच्या पुढं. बहिणीची दोन वर्षांची मुलगी तिथं आली होती. आई म्हणाली, "पहाटपासून पोरीला तांदळाच्या धुवणावानी होतंय. पाणी बंद केलंय मी. पाजलं की लगेच खाली जातंय."

आमच्याकडं हाच उपाय. तोंड कोरडं ठेवलं की पोट सुकतं, असं आई मानते, तिची आईही मानायची. मी आईला कधी कशात चूक म्हटलेलं नव्हतं. मी फोन स्पीकरवर टाकून चाचांपुढं धरला. त्यांनी ओले हात मागं घेतले. "रडली तर डोळ्यात पाणी येतं का, विचार."

"नाय येत," आई म्हणाली.

चाचांचा चेहरा उतरला. "तू बोल. तुझी आई है. मेरा क्यूं सुनेंगी?"

मी नळाचं सांगू लागले. आई म्हणाली, "आपल्याकडं कुठं नळ हाय?" मला आमची विहीर आठवली. मग मी म्हणाले, "आई, विहिरीवरची मोटर समज. स्टार्टर अडकलाय, मोटर बंद होत नाय. तू भर टाकली नाय तर विहीर कोरडी पडंल."

मग आईनं विचारलं, "भर कशाची टाकू?"

चाचा बोलत गेले, मी सांगत गेले. उकळून गार केलेलं लिटरभर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमच्या-चमच्यानं. ओकली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. आणि आत्ताच दवाखान्यात न्यायचं, वाटेतही चमचा थांबवायचा नाही.

"सांगणारं कोण हाय गं तिथं?" आईनं विचारलं. "डॉक्टर का?"

"नाय ताई," चाचा फोनकडं वाकून म्हणाले, "बाटल्या धुतो."

"मग हात सोच्छ असतील तुमचे," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या दुपारी चाचांनी एकच बशी चार वेळा धुतली. साडेतीनला दवाखान्यातून फोन आला. सलाईन लावताना पोरगी खूप रडली आणि गाल भिजले, असं आई सांगत होती. चाचांनी ऐकलं, मान हलवली आणि बेसिनपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

मार्चमध्ये ते निवृत्त झाले. लेकीकडं परभणीला गेले म्हणतात. त्यांचा नंबर लावला की आता कुणी दुसराच उचलतो. आमच्या घरात आभार मानायची रीत नाही, त्यामुळे तो शब्द मला वेळेवर सुचला नाही. गावाकडं आमच्या गल्लीत मात्र आता कुणाच्या लेकराचं पोट बिघडलं की आई पातेलं घेऊन पोचते. "पाणी बंद करू नका," म्हणते, "संभाजीनगरच्या लई मोठ्या डॉक्टरनं सांगितलंय." मी शेजारी उभी असते. साखरेचे सहा चमचे मोजून देते.