इकडे सर्व क्षेम

नगरहून मुंबईच्या विमानतळापर्यंत अण्णा गाडीत पुढच्या सीटवर ताठ बसून होते. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, तरी त्यांचं बसणं काही बदललं नव्हतं. मागे माझ्याशेजारी आई, मांडीवर धपाट्यांचा डबा धरून. विमानतळाच्या दाराशी अण्णा म्हणाले, "आत गेलीस की मागं बघायचं नाही. पाय जड होतात." मी नाही बघितलं. त्यामुळे आई रडली का, हे मला आजतागायत ठाऊक नाही. नंतर विचारलं तर दोघंही "छे!" म्हणाले.

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बरला मी ग्रंथालयशास्त्र शिकले आणि विद्यापीठाच्याच लायब्ररीत जुनी कागदपत्रं लावण्याच्या कामाला लागले. माणसं चांगली होती, पण पाच वाजले की आपापल्या घरी जात. बसमधून उतरून बर्फातून अपार्टमेंटपर्यंत चालताना मी कधीकधी मोठ्यानं मराठी बोलायचे. नुसतंच, आवाज फुटतोय का बघायला. शनिवारी कुणाकडे पॉटलक, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ न्यायचं जेवण, असलं की आधी हो म्हणायचे आणि ऐनवेळी "सॉरी यार, काम आलंय" म्हणून कॅन्सल करायचे. काम काहीच नसायचं. एकटेपणा अंगवळणी पडला की माणसांचीच भीती वाटायला लागते. तुमच्यापैकी जे असे दूर गेलेत, त्यांना हे सांगायला नको.

रविवारी सकाळी नगरला व्हिडिओ कॉल. "कशी आहेस?" "मजेत. तुम्ही?" "एकदम फिट." दहा मिनिटांत दोन्हीकडची ड्यूटी संपायची.

तिसऱ्या हिवाळ्यात माझ्या टेबलावर कर्नल टेनफोर्डची तीन खोकी आली. राणी व्हिक्टोरियाच्या काळातला हा इंग्रज अधिकारी म्हातारपणी मिशिगनमध्ये भाचीकडे येऊन राहिला आणि इथेच वारला. भाचीच्या वंशजांनी त्याचे कागद लायब्ररीला दिले होते. पहिलंच पत्र उघडलं आणि मी खुर्चीत सावरून बसले. भलतंच स्पेलिंग केलेलं, पण गावाचं नाव आमचंच होतं. एकोणिसाव्या वर्षी बोटीतून उतरून तो नगरच्या छावणीत आला होता.

पुढच्या रविवारी अण्णांना सांगितलं. माझ्या कौतुकावर ते म्हणाले, "तो राज्य करायला आला होता बाई, तुझ्यासारखा शिकायला नव्हे. ते विसरू नको." पण त्यांना गोडी लागली. दर आठवड्याला विचारायचे, "तुझा कर्नल कुठवर आला?"

कर्नल तेव्हा सरहद्दीवर पोचला होता. एका चकमकीत जखमी झालेल्या आपल्या मराठी शिपायाला त्यानं गोळीबारातून पाठीवर घालून आणलं. त्यात त्याचा उजवा हात कायमचा गेला. त्याला पराक्रमाचं मोठं पदक मिळालं, वर्तमानपत्रांत नाव आलं.

"शिपाई वाचला का?" अण्णांनी विचारलं.

"नाही. तीन दिवसांनी गेला."

अण्णांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "मग पदकाचं ओझंच झालं असेल त्याला."

अण्णांचं बरोबर होतं. कर्नलनं बहिणीला डाव्या हातानं लिहिलेलं पत्र त्या खोक्यात होतं: पदक मिळालं, इथली हवा छान आहे, माझी काळजी करू नकोस. आणि त्याच तारखेचं दुसरं एक पत्र त्याच्या वहीत घडी करून ठेवलेलं होतं, कधीच न पाठवलेलं. त्यात लिहिलं होतं, "मी बरा नाही. मी ज्याला आणला तो वाचला नाही. लोक पदक बघायला मागतात, त्याचं नाव कुणी विचारत नाही. त्याचं नाव सखाराम. मला घरी यायचं आहे."

बहिणीची उत्तरंही त्यानं जपली होती. दोन वर्षं, दर महिन्याला एक: आम्ही सारे मजेत. त्या दोन वर्षांत ती अंथरुणाला खिळलेली होती, हे त्याला गावच्या पाद्र्याच्या पत्रातून कळलं, ती गेल्यानंतर. पुढे पेन्शन घेऊन तो गावी परतला, तर त्याला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. म्हणून मिशिगन.

ती पत्रं क्रमानं लावताना माझे हात थांबले. गेले कितीतरी रविवार अण्णा मोबाईलसमोर एका अंगावर बसत होते. डावा खांदा कायम स्क्रीनच्या बाहेर.

रविवारी फोन लागताच मी म्हणाले, "अण्णा, डावा हात वर करा."

"आता हे काय नवीन?"

"करा ना."

मागून आईचा आवाज आला, "सांगा की आता तिला."

दोन महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. सौम्य होता, पण हातात जोर राहिला नव्हता. "तुझं व्हिसाचं चाललं होतं," अण्णा म्हणाले. "सांगून तू तिथं काय करणार होतीस?"

"रडले असते. तेवढं तरी करू द्यायचं होतं मला."

मग मी खरोखरच रडले, आणि सांगून टाकलं की मीही मजेत नाही. आठवडा आठवडा कुणाशी मराठीतला एक शब्द बोलत नाही, जेवण उभ्यानं उरकते. अण्णा ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "मी ये म्हणणार नाही. पण नको येऊ असंही म्हणणार नाही."

नवा व्हिसा मंजूर झाला नव्हता. देश सोडला तर परत येता येईलच, याची खात्री कुणी देत नव्हतं. मी गेले. व्हिसा मिळेपर्यंत पाच महिने नगरला अडकले. आई रोज सकाळी अण्णांना कणकेचा गोळा दाबायला द्यायची आणि त्याच कणकेच्या पोळ्या लाटायची. शेजारचे दुसऱ्याच दिवसापासून विचारत होते, "परत कधी?" आणि खरं सांगते, ॲन आर्बरच्या बसमधली शांतता मला तिथं आठवायची. दोन्हीकडे मी अर्धीच असते, हे तेव्हा पक्कं कळलं.

परत आले तेव्हा नोकरी होती, पण कर्नलची खोकी दुसऱ्या कुणीतरी पूर्ण करून टाकली होती. यादीत त्या पत्रापुढे एवढंच होतं: खासगी, न पाठवलेलं. सखारामचं नाव नव्हतं. ते मी परवानगी काढून घातलं.

एकटेपणा गेलेला नाही. बर्फ पडला की अजून तसंच होतं. घर कुठं, असं कुणी विचारलं तर मी नगर म्हणते, पण मनात रविवारची सकाळ असते. आता आमचा नियम आहे, आधी वाईट बातमी. गेल्या रविवारी अण्णा म्हणाले, "दोन आहेत. हात दुखतोय. आणि तुझी फार आठवण येतेय."

ही दुसरी बातमी त्यांनी जन्मात पहिल्यांदा दिली होती. मी खुर्ची ओढून फोनसमोर बसले आणि म्हणाले, "सांगा."