केकवरचे नाव

८ फेब्रुवारी २०२५ रोजी मी निरोपाच्या केकचे अडुसष्ट डॉलर चाळीस सेंट भरले. केक सुलास्त्रीसाठी होता. ती जावा बेटावरच्या पासुरुआनची. सतरा वर्षे परक्या देशात, आमच्या बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये राहून तिने घर सांभाळले आणि आता कायमची परत चालली होती. केकवर मी लिहायला सांगितले होते, ‘थँक यू लक्ष्मी’.

ती आली त्याच महिन्यात मला बढती मिळाली. माझी बायको नीलिमा म्हणाली, “हिचा पायगुण!” आणि तिचे नाव लक्ष्मी ठेवले. नीलिमा स्वतः माहेरची कुंदा. लग्नात तांदळात नवे नाव लिहिले गेले. त्यामुळे तिला यात काही वावगे वाटले नाही. मला वाटायला हवे होते. दर दोन वर्षांनी वर्क परमिटच्या नूतनीकरणाला मी ‘सुलास्त्री’ लिहीत असे आणि अर्ज पाठवून झाला की हाक मारत असे, “लक्ष्मी, चहा!”

तिची दोन मुले गावी आजीपाशी वाढली. इथे तिने आमची नात वाढवली. शाळा सुटल्यावर आर्याला ती गावाकडची गोष्ट सांगे. बालीहून एक मुलगा गुलाम म्हणून डचांच्या बटाव्हिया शहरात आणला गेला. मालकाची भरभराट झाली, म्हणून मालकाने त्याचे नाव ठेवले उंतुंग, म्हणजे नशीब. पुढे मालकाने त्याला तुरुंगात टाकले. तो इतर कैद्यांना घेऊन निसटला, डचांशी लढला, पासुरुआनचा राजा झाला. मेल्यावर डचांनी त्याचे प्रेत उकरून जाळले.

“पण त्याचं खरं नाव काय?” आर्याने विचारले होते.

“कोणी काही सांगतं, कोणी काही. नक्की कोणाला माहीत नाही.”

मी शेजारीच पेपर वाचत होतो. गोष्ट चांगली आहे, एवढेच मनात आले.

निरोपाच्या संध्याकाळी नीलिमाने केकचा खोका उघडला. “अहो, दुकानवाल्यानं घोळ घातला! सुलास्त्री लिहिलंय.”

“घोळ नाही, मॅडम,” सुलास्त्री मराठीतच म्हणाली. “आणायला मी गेले ना, तेव्हा बदलून घेतलं.”

“अगं, मग इतकी वर्षं बोलायचंस की!”

“बोलले होते. पहिल्या आठवड्यात. तुम्ही म्हणालात, लक्ष्मी छान आहे.”

नीलिमा माझ्याकडे पाहू लागली. मी सुरी शोधायला स्वयंपाकघरात गेलो. सुरी टेबलावरच होती.

“सुलास्त्री आंटी, कट करा लाह!” आर्या इथल्या पोरांच्या बोलीत ओरडली. आमच्या घरात त्या नावाने मारलेली ती पहिली हाक.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर नीलिमाने सवयीने हाक मारली, “लक्ष्मी, पोचलीस की फोन कर!” सुलास्त्री थांबली नाही. मला तिचे खरे नाव येत होते. एवढ्या लोकांत ते मोठ्याने घ्यायला माझी जीभ रेटली नाही.

केकवरचे नाव बदलायला दुकानदाराने सहा डॉलर घेतले. ते तिने आपल्या पैशातून दिले. मी ते तिला अजून दिलेले नाहीत.